फोरम बंद झाल्यावर

खापरखेडा, नागपूर

प्रिय यमुताई,

आपण कधी भेटलो नाही. भूपेशच्या मानेसाठी तुम्ही स्वतः शिवलेला मऊ पट्टा इंदूरहून पाठवलात, त्या पार्सलवरून हा पत्ता घेतला. आपल्यासारखा आजार असलेल्या घरांचा इंटरनेटवरचा तो फोरम बंद पडला आणि तुमचा नंबर मी कधी मागितलाच नव्हता.

भूपेशचे हातपाय गेले, बोलणं गेलं, आता श्वासही पुरत नाही. गळ्याला छिद्र पाडून कायमचं यंत्र लावायचं का, हे डॉक्टरांना लवकर सांगायचं आहे. डोळे वर केले की हो, मिटले की नाही, एवढीच त्याची भाषा उरली आहे. पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्याने डोळे वर केले होते.

तरी मी घाबरले. फोरम असता तर सगळं सविस्तर लिहिलं असतं. तिथे उत्तर यायला दिवस लागायचे, पण ते त्यातून गेलेल्या माणसाचं असायचं. आणि तुम्ही आधी विचारायच्या, हर्षा, तू जेवलीस का? जुनी उत्तरं वाचूनच मी त्याला कुशीवर वळवायला शिकले. तीही गेली.

माझा भाऊ जितू बेसाहून आला होता. म्हणाला, "ताई, काहून एकटी झुरून राहिली वं? सोशल मीडियावर दोन ओळी टाकतो, तासाभरात अख्खा देश उत्तर देते." मागे मनीषनगरातल्या एका बाईला रक्त हवं होतं, तेव्हा त्याच्या दोन ओळींवर दुपारपर्यंत माणसं धावून आली होती. रक्त मागायला ती जागा खरंच चांगली आहे. माझा प्रश्न दोन ओळींत मावणारा नव्हता, तरी त्याने टाकला.

भूपेशला बरं वाटावं म्हणून जितूने उत्तरं त्याच्याजवळ बसून मोठ्याने वाचली. धीर धरा, देव आहे, जोडलेले हात. वाचता वाचता एक तोंडातून निघून गेलं: मोकळं करा बिचाऱ्याला, बायकोलाही आयुष्य आहे. जितूने फोन खिशात टाकला. भूपेश माझ्याकडे बघत राहिला. संध्याकाळी ते सगळे लोक दुसऱ्याच विषयावर भांडत होते.

तेव्हापासून यंत्राचं विचारलं की तो डोळे मिटतो. "अरे, ते आपल्याले ओळखत बी नाहीत गा," मी किती वेळा सांगितलं. डोळे मिटलेलेच.

तुमचे मधुसूदनभाऊ यंत्रावर असूनही क्रिकेट बघत, भाजी अळणी झाली की रुसत, हे तुम्ही लिहायच्या आणि मी भूपेशला वाचून दाखवायची. तसंच एक लांब पत्र पाठवा. त्याचा आता फक्त तुमच्यावर विश्वास आहे. फोरम बंद होण्याआधीच तुमचं लिहिणं थांबलं होतं. ते का, हे मला कळतं, यमुताई. भूपेशला मी सांगितलेलं नाही. मधुसूदनभाऊ गेले असतील, तरी पत्रात ते असू द्या.

तुमचीच,
हर्षा