सगळं एकदम

बाई, उद्या तुमच्या पुण्यतिथीला मी चौघांचं वाजवणार आहे. तुम्हाला ते आवडणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून परवानगी मागत नाही, नुसतं कळवते आहे. दोन व्हायोलिन, व्हायोलिनहून जरा जाड आवाजाचा एक व्हायोला, गुडघ्यांत धरून वाजवायचा खर्जातला एक चेलो, आणि चौघांना मी लिहून दिलेले वेगवेगळे सूर. तबला नाही, तानपुरा नाही. बिबवेवाडीच्या तुमच्या बाहेरच्या खोलीत आम्ही सगळ्या सतरंजीवर बसून एकच पलटा वाजवायचो, आणि कुणाचा सूर जरा वेगळ्या वाटेनं गेला की तुम्ही आतून कणीक मळता मळता ओरडायचात, "ही मंडई नाही! एका वेळी एकच." मग पिठाच्या हातांनीच बाहेर येऊन माझं उजवं पाऊल पुढे ओढायचात आणि व्हायोलिनचं टोक घोट्यावर नीट टेकवायचात. घरी आई माझ्या पावलावरची ती वाळलेली कणीक खरवडून काढायची आणि विचारायची, "तिथे व्हायोलिन शिकवतात की पोळ्या?"

एकदा तुम्ही आम्हाला खडकवासल्याला नेलंत. उन्हाळ्याची सुट्टी आहे, धरणाचं पाणी पार आत गेलंय, आणि चपला हातात घेऊन आम्ही भेगाळलेल्या चिखलावरून चालतोय. भज्यांचा वास सुटलाय. "आधी कान भरा, मग पोट," असं म्हणून तुम्ही आम्हाला पाण्याच्या कडेला बसवता, डोळे मिटायला लावता. नंतर एकेकीला विचारता, काय ऐकलंस? एक म्हणते टिटवी, एक म्हणते वारा. दोघींना शाबासकी. मी म्हणते, "सगळं एकदम." तुम्ही हसता. "सगळं एकदम ऐकू येणं म्हणजे काहीच ऐकू न येणं. जा, पुन्हा बस." बाकीच्या भजी खात होत्या आणि मी एकटी डोळे मिटून बसले होते. पुन्हा सगळं एकदमच ऐकू आलं. पण भूक लागली होती, म्हणून येऊन "टिटवी" म्हणाले. तुम्ही माझ्या हातावर भजी ठेवलीत.

यंदाच्या मे महिन्यात मी पुन्हा तिथे गेले, एकटीच. पाणी चिखलाला चाटत होतं, बाभळीतून वारा येत होता, कुठल्याशा म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती आणि टिटवी सगळ्यांना मध्येच टोकत होती. कुणी कुणासाठी थांबत नव्हतं आणि तरी कुणी कुणाचं तोंड दाबत नव्हतं. भजी सोडून डोळे मिटून बसलेल्या त्या मुलीचे कान बरोबर होते, बाई. चुकलं ते तुमचं. हे वाक्य लिहायला तुम्ही गेल्यावरही मला इतकी वर्षं लागली, पण आता लिहिलं, आणि खोडणार नाही. घरी येऊन चेलोला पाणी दिलं, व्हायोलाला वारा, दुसऱ्या व्हायोलिनला घंटा. टिटवी मी माझ्याकडे ठेवली.

पुण्यतिथीचा कार्यक्रम अजून ताईच बघते, तुमची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. तिला ऐकवलं तर म्हणाली, "अगं, बाईंच्या फोटोसमोर हा गोंधळ? त्या उठून जातील." मी म्हटलं, "फोटो आहे ताई, उठून कुठे जाणार?" तिला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "दरवर्षीसारखा छानसा यमन वाजव आणि मोकळी हो." मी सांगितलं, वाजवीन तर हेच, नाहीतर यंदापासून माझं नाव काढ. तुमच्या कार्यक्रमातून बाहेर पडले असते तर पुण्यात मला वाजवण्यासारखी दुसरी जागा नाही असं नाही, पण घरची अशी दुसरी नाही. ताईनं कार्यक्रमाची यादी पुढे ओढली. मग म्हणाली, "शेवटी घे. लोक चपला शोधायला लागतात तेव्हा." म्हटलं, चालेल. पण भज्यांसाठी "टिटवी" म्हणायचे दिवस गेले. तुमची फार आठवण येते, आणि तुमचा रागही येतो, दोन्ही एकदम. तुम्हाला हेही चाललं नसतं.

हे पत्र उद्या तुमच्या फोटोमागे ठेवायचं मनात होतं. पण हार घालताना ते ताईच्या हाती लागणार, ती वाचणार आणि वर मला शुद्धलेखनाच्या चुका दाखवणार. तेव्हा ते व्हायोलिनच्या पेटीतच राहू दे. एकच सांगायचं राहिलं. माझ्याबरोबरचे तिघे पुण्याच्या कॅम्पातले, पाश्चात्त्य संगीत शिकलेले, खुर्चीवर बसून वाजवणारे. त्यांच्यासारखं व्हायोलिन हनुवटीखाली धरून बसायला मीही शिकले, पण टिटवी काही बोलेना. शेवटी चेलोवाला वैतागून म्हणाला, "मॅडम, तुम्ही नेहमी बसता तशाच बसा ना." म्हणून उद्या स्टेजवर तीन खुर्च्या असतील आणि एक लाकडी दिवाण, त्यांच्या नजरेला माझी नजर भिडावी इतका उंच. त्यावर सतरंजी घालून मी मांडी घालीन, उजवं पाऊल पुढे, टोक घोट्यावर. तुमच्याशी भांडायलासुद्धा मला दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं बसता येत नाही.