आधी ‘नयेत’ लिही

वारजे, दि. ६ जानेवारी २०२५

ती. बाबांस दीपमालाचा सप्रेम जयभीम.

वि. वि. फोनवर तुम्हाला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता, म्हणून हे पत्र.

रुग्णालयाच्या नोंदणीसाठी वर्षभर खपून केलेली माझी मराठी स्क्रीन अडचणीत आहे. चौकटी इंग्रजीच्या मापाने आखलेल्या. मराठी वाक्य मावलं नाही की कॉम्प्युटर त्याचं शेपूट कापून तीन टिंबं ठेवतो. ‘जुन्या नोंदी पुसू नयेत’ याचं झालं ‘जुन्या नोंदी पुसू…’. तिथल्या क्लार्क कौशल्याबाईंनी चाचणीत त्यापुढची बरोबरची खूण काढून टाकली, कारण त्यांना पुसायचं नव्हतं. सगळ्या नोंदी साफ! खोट्या होत्या म्हणून वाचलो. आमचे दिगंबर सर म्हणाले, मराठी फार लांबलचक. सतरा तारखेपर्यंत बसवा, नाहीतर फक्त इंग्रजी ठेवू. बाबा, मला रडूच आलं.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो मध्येच कापू नये.

तुमची दीपमाला

बिबवेवाडी, दि. १० जानेवारी

चि. दीपमालास अनेक आशीर्वाद.

पत्राला तीन दिवस लागले. तेवढ्यात मी चालत आलो असतो.

तुझा कॉम्प्युटर माझ्यावर गेलाय. तुला कधी सांगितलं नाही, पण बोर्ड रंगवायला लागलो तेव्हा एका सोसायटीच्या फाटकावर ‘येथे गाड्या लावू नयेत’ लिहायचं होतं. पहिली अक्षरं ऐटीत मोठी काढली, ‘नयेत’ला जागाच उरली नाही. ते खांबामागे लिहिलं. दुसऱ्या दिवशी फाटकासमोर सात स्कूटर! जुनी माणसं मला अजून ‘नयेत पेंटर’ म्हणतात.

तेव्हापासून आधी माप घेतो, खडूने शेवटचा शब्द लिहितो, मग बाकीचे बसवतो. नाही मावलं तर दोन ओळी करतो, शब्द तोडत नाही. आपल्या भाषेत हो की नाही ते शेवटीच कळतं. सरांना सांग, मराठी लांब नाही, त्यांची फळी आखूड आहे.

रडू नकोस. जेवत जा.

तुझे बाबा

वारजे, दि. १८ जानेवारी

ती. बाबांस सप्रेम जयभीम.

बसलं! आता स्क्रीन आधी वाक्याचं माप घेते, मग चौकट वाढवते, लागल्यास दोन ओळी करते. अगदीच जागा नसेल तर टिंबं मधे येतात, शेवटचा शब्द जागचा हलत नाही. सरांनी स्क्रीनवरची खिडकी ओढून ओढून चिंचोळी केली, तरी ‘नयेत’ तिथेच! कौशल्याबाईंनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, वाईट नाही. पुण्यात यालाही टाळ्याच म्हणतात. मराठी स्क्रीन सोमवारपासून सुरू.

प्रोग्रॅममध्ये त्या नियमाला मी नाव दिलंय, ‘नयेत पेंटर’. सरांनी विचारलं, हे कोण? सगळ्यांसमोर सांगितलं, माझे वडील.

आशीर्वाद असेच दोन ओळी भरून असावेत.

तुमची दीपमाला

बिबवेवाडी, दि. २२ जानेवारी

चि. दीपमालास आशीर्वाद.

कार्डावर जागा थोडी, म्हणून तळाची ओळ आधी लिहिली आणि मग वर आलो. तुझं पत्र आईने दोनदा वाचायला लावलं. इतकी वर्षं त्या नावाने हाक आली की मी मान खाली घालून पुढे जायचो. काल किराणावाल्या रंगरावने मारली, तर थांबलो आणि पत्र त्याच्या हातात दिलं. गिऱ्हाईकं खोळंबली, पण त्याने मोठ्याने वाचलं. रविवारी ये, आई पुरणपो… जागा संपली.

पोरी, तुझा फार अभिमान वाटतो. लोभ कमी करू नये.

तुझा बाप, नयेत पेंटर