परातीतलं रामेश्वर

वाळूत मीठ जास्त घातलं होतंस. पन्नास वर्षं मी धरून चालले की रामेश्वरची वाळू जिभेला लावली की तोंड वाकडं होतं. मागच्या महिन्यात जाऊन आले. काठावरची ओली वाळू बोटावर घेऊन चाखली. खारट आहे, पण एवढी नाही. समुद्र पण तू सांगितलास तसा निळा नाही, सकाळी तर भांडी खळबळलेल्या पाण्यासारखा दिसत होता. आणि मिलच्या कॉलनीतल्या बायांना तू घराएवढ्या लाटा सांगितल्या होत्या. घाटावर लाटा नाहीतच, तलावासारखं उभं पाणी. बाया तुझ्यावर भरोसा ठेवून मरून गेल्या म्हणून निभावलं.

माय, मी आहे, तुझी धाकटी. अक्षर वाकडं आहे. चौथीनंतर शाळेतून तूच काढलंस, तेव्हा अक्षराबद्दल काही बोलायचं नाही.

विषय नातीनं काढला. ती इंदूरला नोकरी करते, हातात कायम मोबाइल. दिवाळीला घरी आली तेव्हा माझ्याजवळ बसून म्हणाली, "आजी, तुझी लिस्ट बनवते. पाहिलेल्या जागा एका बाजूला, पाहायच्या दुसऱ्या बाजूला. बाकी असेल ते मी दाखवीन." मी म्हटलं, "मरायच्या आधी मला परीक्षा द्यायची आहे का?" ती हसली, पण सोडते कुठं. मग सांगत गेले. ओंकारेश्वर चार वेळा, उज्जैन, नाशिक, तुळजापूर, हरिद्वार, मांडू. "सगळ्यात आवडती कोणती?" मी सांगितलं, हरिद्वारची धर्मशाळा. "मंदिर नाही?" मंदिर नाही. त्या धर्मशाळेत मी पाटावर बसले आणि दुसऱ्या कोणी गरम पोळी माझ्या ताटात टाकली. जन्मात पहिल्यांदा. देव तर सगळीकडे आहे, वाढणारं कोणी सगळीकडे नसतं. आणि मांडू आवडलं, पण तिथं परत जाणार नाही. तिथं एका जागी हाक मारली की उलटून येते. पोरं, म्हातारे, सगळे आपापली नावं घेऊन ओरडत होते. मी तोंड मिटून उभी राहिले. मला वाटलं, मी ओरडेन आणि परत येईल तो आवाज माझा नसेल.

नात बोट चालवत होती. म्हणाली, "रामेश्वर तर तुझं लहानपणीच झालंय ना, सगळ्यांना माहीत आहे. पाहिलेल्यात टाकते." मी "हं" म्हटलं. आणि त्याच घडीला तू माझ्या पाठीशी येऊन उभी राहिलीस. ओले हात पदराला पुसायची तुझी तऱ्हा मी न बघता ओळखते.

मी लहान होते, त्या वर्षी आबांच्या मिलनं कामगारांना तीर्थाला जायचा खर्च द्यायचं काढलं. आबांनी कागदावर रामेश्वर लिहिलं, कारण ते सगळ्यात लांब. जायचं कुठंच नव्हतं, तो खर्च ताईच्या लग्नात घालायचा होता. कॉलनीत बरेच जण असं करायचे, पण ते गुपचूप गावी जाऊन बसायचे. आबांनी मात्र आधीच चहाच्या टपरीवर छाती फुगवून सांगून टाकलं, आणि अख्खी कॉलनी तुझी ओटी भरायला आली. कोणी नारळ दिला, कोणी देवाला वाहायला खण दिला. सगळ्यात शेवटी शेजारच्या काकू आल्या. त्यांचा एकच मुलगा होता, तो आदल्या वर्षी तापानं गेलेला. त्यांच्या हातात गंगेचा गडू होता, तांब्याचा, मुठीएवढा, तोंड झाळून पक्कं बंद केलेलं. मला ते अजून दिसतं. काकू दारात उभ्या आहेत, तू पीठ मळते आहेस, हात कोपरापर्यंत पिठानं भरलेत. त्या म्हणतात, "वहिनी, काशी करून हा आणला. काशीचं पाणी रामेश्वरावर पडल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. माझे गुडघे संपले. तुम्ही ओता, माझ्या लेकराच्या नावानं. नाव जरा मोठ्यानं घ्या वो, त्याला कमी ऐकू यायचं. आणि येताना तिथली मूठभर वाळू आणा." तू आबांकडे बघतेस. आबा छताकडे बघतात. तू हात धुतेस आणि गडू घेतेस. तेव्हा नाही म्हणता आलं असतं, माय. गडू घेतला आणि फसलीस.

कॉलनीनं आपल्याला खंडव्याच्या गाडीत बसवून दिलं. खंडव्याला उतरून दुपारभर बाकड्यावर बसलो आणि उलट्या गाडीनं बऱ्हाणपूरला निघालो. वाटेत आपलंच स्टेशन. तू खिडकीची झडप खाली ओढलीस. फटीतून मला आपली पाण्याची टाकी दिसली आणि मी खुशीनं ओरडणार, तेवढ्यात तुझा हात तोंडावर. हाताला तांब्याचा वास होता. गडू जमिनीला टेकवायचा नसतो म्हणून तो सारा वेळ तुझ्या मांडीवर. पुढचं चांदनी स्टेशन मागे गेलं तेव्हा कुठं हात काढलास.

मग पंधरा दिवस बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात, मामाच्या मागच्या खोलीत. कॉलनीची माणसं बाजाराला बऱ्हाणपूरला येतात म्हणून आम्हा पोरींना उंबऱ्याबाहेर पाय टाकायची बंदी. मामाच्या भिंतीवर रामेश्वरचं कॅलेंडर होतं, तुझा निळा समुद्र त्यातलाच. शेजारची एक म्हातारी खरोखरची जाऊन आली होती, तिच्या डोक्याला तेल लावता लावता तू सगळं काढून घेतलंस, बावीस कुंडांचं पाणी अंगावर घेतात, खांबांची ओसरी संपता संपत नाही, गाडी समुद्रावरून जाते. मग आमची शाळा. खंडवा, इटारसी, नागपूर, बल्हारशा, मद्रास. मी नागपूर आधी म्हटलं की दंडाला चिमटा. खऱ्या शाळेत तू कधी माझी पाटी बघितली नाहीस, या शाळेत मात्र रोज धडा घेतलास.

गडू खोलीत शिंक्यावर टांगलेला. एका सकाळी तू मला घेऊन तापीवर गेलीस, गडू पदराखाली. पाण्यात गुडघ्याएवढी उतरलीस आणि उभी राहिलीस. मी काठावर. बराच वेळ गेला. मग तशीच वर आलीस, गडू तसाच बंद. म्हणालीस, "दुसऱ्याच्या घरी पोचवायला दिलेलं असं मधेच टाकता येत नाही." वाळू मात्र तिथूनच भरलीस. घरी येऊन परातीत पसरलीस, निवडलीस, चाळलीस, आणि डब्यातलं मीठ मुठीनं घालून पाण्याच्या हातानं मळलीस, जसं आपण पापडाचं पीठ मळतो तसं. मी विचारलं, "माय, हे काय?" तू म्हणालीस, "समुद्र." हसली नाहीस.

कॉलनीत परत आलो तेव्हा बायांनी मला मधे बसवून विचारलं, "पोरी, सगळ्यात काय आवडलं?" मी म्हटलं, "जिलेबी." मामा रोज आणायचा ना, मग दुसरं काय आवडणार? बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. तू तव्यावरून मान न वळवता म्हणालीस, "वाटेत इटारसीला खाल्ली हिनं, तेच धरून बसलीय. एवढा देव दाखवला, हिच्या ध्यानात जिलेबी." सगळ्या हसल्या. काकू नाही हसल्या. त्यांनी वाळूची पुरचुंडी सोडली, चिमूटभर कपाळाला लावली, मग जिभेवर ठेवली. "खारट आहे वो," म्हणाल्या, आणि तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून अशा रडल्या की घरात कोणाला कुठं बघावं कळेना. "नाव घेतलं ना मोठ्यानं?" तू म्हणालीस, "घेतलं." आठ दिवसांनी त्यांनी मावंदं घातलं, यात्रा पुरी झाली म्हणून गाव जेवायला घालतात ते. तू त्या पंगतीत बसलीस, पुरणपोळी खाल्लीस. घरी आल्यावर मोरीत जाऊन सगळी उलटून टाकलीस. आबांना सांगितलंस, तूप जास्त झालं.

काकू समाधानानं गेल्या. तू नाही गेलीस. शेवटी तू माझ्याकडे होतीस, भर दुपार, घर माणसांनी भरलेलं. कोणी म्हणालं, गंगा आणा, तोंडात घाला. देवघरातला आपला गडू केव्हाच आटला होता. कोणी तरी तुझ्या ट्रंकेतून दुसरा शोधून काढला आणि माझ्या हातात दिला. कानाशी हलवला तर आत पाणी वाजलं. तोंड फोडायला मी सुरी घेतली, तेवढ्यात तू डोळे उघडलेस. कोणता गडू आहे ते बघितलंस आणि दात मिटून घेतलेस. जबडा असा घट्ट की दोघी बायांना मिळून उघडेना. मी सुरी खाली ठेवली. सगळे म्हणाले, झटका आला. नळाचं पाणी तुळशीच्या पानानं ओठाला लावलं आणि त्याच्यावर तू गेलीस.

तेव्हापासून तू मला एकटीला कुठं जाऊ दिलं आहेस? ओंकारेश्वरला तीर्थ घ्यायला हात पुढं केला आणि माझे दात आपोआप मिटले. नाशिकला तेच. हरिद्वारला एवढी गंगा समोरून वाहतेय, ओंजळ भरली, तोंडापाशी नेली, जबडा उघडेना. लेक म्हणाला, "आई, दातांच्या डॉक्टरला दाखवू." काय दाखवणार? ते दात माझे नव्हतेच. मी जागा बघत फिरले आणि प्रत्येक जागी तू मधे.

म्हणून त्या दिवाळीला मी नातीला म्हटलं, "रामेश्वर तिकडून काढ. पाहायच्यात टाक." ती म्हणाली, "पण आजी, तू तर..." "झूठ होतं ते." मग तिला राजपुरा सांगितला, वाळू सांगितली. पोट धरून हसली. "मतलब पंधरा दिवस छुपके बैठे थे? सिरियसली, आजी?" मग गडू दाखवला, तेव्हा हसायची थांबली. विमानाची तिकिटं काढते म्हणाली. मी म्हटलं, विमानात हे बंद भांडं कोणी नेऊ देणार नाही, आणि मला बल्हारशा बघायचं आहे. बल्हारशा खरंच आहे, माय. उतरून प्लॅटफॉर्मवर उभी राहिले. चहा पाणचट. नागपूर इटारसीच्या नंतरच येतं, तेवढा तुझा धडा बरोबर निघाला. गडू सगळी वाट माझ्या मांडीवर. पुलावर गाडी आली, दोन्ही बाजूंना पाणी, नात फोटो काढत होती. मी झडप ओढून घेतली, आपसूक. तिनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, ऊन लागतं.

मंदिरात पुजाऱ्यानं गडू हातात घेतला, उलटापालटा केला, हिरवा पडलेला तांबा बघून नातीकडे बघून हसला. तोंड फोडलं. आत दोन पळ्या पाणी उरलं होतं. त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं, "किसका नाम?" त्या मुलाचं नाव मला पाठ आहे, सगळे जन्म पुरेल एवढं पाठ आहे. मी श्वास घेतला. आणि तुझं नाव सांगितलं. त्यानं ते मंत्रात घेतलं आणि पाणी आत नेलं. नातीला वाटलं, असंच असतं. बाहेर आल्यावर कोणी तरी तीर्थ दिलं, मी ओंजळ केली, आणि तोंड उघडलं. घोट खाली उतरला. तू पाठीशी नव्हतीस. तेव्हापासून नाहीस. घरात भांडं पडलं तरी मी मागे वळून बघते, कोणी नसतं.

परतीच्या गाडीत मी स्वतःला सांगत आले, चुकून निघालं, म्हातारपण आहे, जीभ घसरते. चुकून नाही निघालं, माय. श्वास घेऊन, ठरवून घेतलं. तू वाळूत मीठ मिसळलंस, तरी त्यांचं पाणी त्यांचंच राखून ठेवलंस, मरताना पण तोंडात घेतलं नाहीस. मी ते पण तुझ्यावर ओतून आले. तुझ्यापेक्षा मोठी चोर मीच निघाले.

लिस्टमध्ये आता एकच गाव मी सांगून लिहून घेतलं आहे, काशी. तिथून नवा गडू आणायचा आणि पुन्हा ती सगळी वाट, या गुडघ्यांनी. नात म्हणते, "काशी मस्त आहे, आजी, घाटांवर फोटो काढू." तिला बाकीचं माहीत नाही. पण दुसऱ्यानं आणलेलं पाणी त्या मुलाला पोचतं का, का काकूंनी स्वतः आणलेलंच चालायचं, हे मला कोणाला विचारता येत नाही, भटजीला पण नाही, त्याला पहिल्यापासून सांगावं लागेल. हा कागद कुठं टाकायचा तेही माहीत नाही, म्हणून गादीखाली ठेवते आहे. तू याचं उत्तर देऊ नको. तू गोड बोलशील, काही तरी कालवून देशील. काकू तिथंच कुठं असतील, त्यांना वाचून दाखव, आहे तसं, एक ओळ न गाळता. उत्तर त्यांनी द्यायचं.