उलटा धूर

गुरुजी, तुमचं चित्र गेलं. उन्हानं रंग उडतील म्हणून ते मी पेटीत जपलं होतं. सांगलीत पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा मी शाळेतली कवितांची पुस्तकं माळ्यावर चढवत बसलो आणि पेटी खालीच राहिली. नंतर हाती लागला तो नुसता लगदा. भिंतीवर उंच टांगलेली माझी नक्कल तेवढी कोरडी राहिली.

कऱ्हाडकडची आपली शाळा. तुमचं चित्र समोर ठेवून मी ऊस, गुऱ्हाळ, धुराड्यातला धूर सगळं हुबेहूब उतरवलंय आणि शाबासकीची वाट बघत उभा आहे. तुम्ही दोन्ही कागद शेजारी धरता नि हसता. "उसाचं तुरं उजवीकडं लवल्यात आन् धूर डावीकडं चाललाय. वारं एक हाय का दोन? ती माझी चूक हाय रं. कविता पाठ करतोस तसं तू चित्र पाठ केलंस." मग मला गुऱ्हाळावर पिटाळलंत. दुपारभर गरम काकवीच्या वासात धूर बघत बसलो आणि परत येऊन माझा धूर उजवीकडे वळवला. सही करू का विचारलं, तर म्हणालात, "नगं. सगळं सोताच्या डोळ्यानं बघून काढशील तवा कर." शाळा सुटताना तुमचं चित्रच मला देऊन टाकलंत. तसा दिवस काही आला नाही, गुरुजी. नोकरी झाली, संसार झाला, दुसऱ्यांच्या कविता म्हणता म्हणता केस पिकले.

उद्या तुमची लेक येतेय. सत्तरीची झाली, तरी मला दादाच म्हणते. घरं बदलताना तुमचं बाकी सगळं हरवलं, असं फोनवर सांगत होती. "दादा, बाबांच्या हातचं आता तेवढंच. तो उलटा धूर आहे ना अजून तसाच?" मी म्हणालो, आहे. त्यानंतर खरं सांगायला तीनदा फोन उचलला, तीनदा ठेवला. सांगितलं तर तिच्यापाशी तुमचं काय उरतं?

आज सकाळी फ्रेम उघडली. ओल्या ब्रशनं माझा धूर टिपून काढला, तिथं आभाळ भरलं आणि डावीकडे नवा धूर सोडला. समोर तुमचं चित्र नव्हतं, तरी वळणन् वळण जमलं. उभ्या जन्मात बघून काढलेलं माझं तेवढंच होतं, तेही पुसलं.

हे पत्र कवितांच्या पुस्तकात घालून ठेवतो. चित्राचा खालचा कोपरा अजून कोरा आहे. तुमची सहीही मला पाठ आहे, गुरुजी.