लालगुडघीची संकरित पिल्ले आणि मेहुण्याचा हिस्सा

मी, सर्जेराव सोनबा देवकाते, वय ६८, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, राहणार सणसर, तालुका इंदापूर, माझ्या पश्चात कोणी कोणाला बोल लावू नये म्हणून ही व्यवस्था स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. वृषाली यांनी दिला आहे. घरात कोळी पाळणाऱ्याला तो द्यावा का, यावर त्यांनी थोडा विचार केला, हे खरे.

१. राहते घर, उसाची जमीन व ठेवी पत्नी सौ. जयवंता हिला, तिच्यानंतर मुलगी स्वराली हिला.

२. गाई भरवण्याची, म्हणजे कृत्रिम रेतनाची, माझी बॅग गावच्या नव्या जनावरांच्या डॉक्टरांना. कालवड झाली की मालकाचे नशीब आणि गोऱ्हा झाला की माझा हात, असे म्हणणाऱ्या सर्वांना माफ केले आहे.

३. लालगुडघी, म्हणजे निवृत्तीनंतर घेतलेली, रीतसर नोंद असलेली, तळहाताएवढी टॅरंटुला कोळ्याची मादी, स्वरालीला. जावयांनी हरकत घेऊ नये. तिला आठवड्याला एक झुरळ पुरते.

४. आता माझे मेहुणे युवराज, राहणार काटेवाडी. माझे पाहून त्यांनीही हा शौक धरला. स्वरालीच्या बाळंतपणासाठी आम्ही पुण्यास असताना पाणी ठेवण्याकरिता किल्ली त्यांच्याकडे होती. त्यांनी पाणी ठेवले, आणि आपला दुसऱ्याच जातीचा, केशरी पायांचा नरही लालगुडघीच्या पेटीत सोडला. तिने त्याला खाल्ले नाही, हे तिचे चुकलेच. पुढे तिने अंड्यांची पिशवी धरली व शंभरावर पिल्ले निघाली. युवराज ती ‘अस्सल लालगुडघी’ म्हणून विकायला निघाले. मी पिल्लांचे डबे अडवले.

“दाजी, जन्मभर तुमी गाईंचा संकरच केला की. मग कोळ्यांनी काय घोडं मारलंय?”

“संकरित गाय घेणाऱ्याला ठावं असतं, ती संकरित हाय. अन् तिच्या दुधावर घर चालतं. ह्यांचं दूध कोण पिणार हाय?”

हसले, पण ऐकेनात. मी सांगितले, की घेणारा पिल्लांना अस्सल समजून पुन्हा जोड्या लावील, आणि चार हात फिरल्यावर अस्सल कोणती हे कोणालाच सांगता येणार नाही. तिच्या मूळ मुलखातल्या रानात अस्सल लालगुडघ्या आधीच थोड्या उरल्या आहेत. मग ते म्हणाले, उसात सोडू. परमुलखातला प्राणी आपल्या रानात सोडणे मला मान्य नव्हते. कोणी सुचवले, फ्रिजमध्ये ठेवून मारा. तेव्हा जयवंता म्हणाली, “चूक माझ्या भावाची हाय. पिल्लांनी काय केलं?”

म्हणून मीच ती वाढवली. युवराज दोन दिवाळ्या आमच्याकडे फिरकले नाहीत. बरीच पिल्ले लहानपणीच गेली, आणि नर काही वर्षांतच मरतात. आता डझनभर माद्या उरल्या आहेत. त्या मी युवराज यांनाच देतो. विकायच्या नाहीत, जोडी लावायची नाही, डब्यावरचा ‘संकर’ हा शब्द पुसायचा नाही. हे पाळले तर माझी बुलेटही त्यांचीच.

हे कलम ऐकायला त्यांना मुद्दाम बोलावले. त्यांनी टेबलावरचे डबे मोजले.

“दाजी, ह्या माद्या अजून वीस वर्सं जगतील. मी पन्नाशी वलांडलीया.”

“मग तंबाखू सोड.”

त्यांनी खिशातली पुडी काढून जयवंताच्या हातात दिली.

सणसर, दिनांक ९ फेब्रुवारी २०२५

सही: सर्जेराव सोनबा देवकाते

साक्षीदार:
१. डॉ. वृषाली निंबाळकर (डबे टेबलावरून उचलल्यावर सही केली)
२. संभाजी रूपनवर, शेजारी