बाबांचे आठ सेकंद

१४ मार्च, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनी कशा आहेत? पिल्लूला दात आले का? आम्ही इकडे मजेत. हे ‘मजेत’ महिन्याभरात आज पहिल्यांदा खरं लिहितेय. बाबांचा विषय निघाला की तू फोन ठेवतोस, म्हणून पत्र.

बाबांच्या छातीत पाणी झालं होतं. आता बरे आहेत. हे आधी वाच, मग रागाव.

ताप, खोकला, धाप. पोहण्याच्या तलावावर पन्नास पोरांना एका शिट्टीत गप्प करणारा माणूस, पण जिन्यात तीनदा टेकायचा. एक्स-रेत डावी बाजू खालून पांढरीफट्ट. दोनदा सुई घातली, जेमतेम चमचाभर निघालं. मोठे डॉक्टर म्हणाले, “गाठही असू शकते. सीटी स्कॅन केल्याशिवाय काही सांगता येणार नाही.”

आणि सीटीच्या मशीनवर ड्युटीला मीच! आडवं केलं की बाबा गुदमरायचे. एकदा उठून बसले, एकदा हलले. ड्युटीवरचा जोडीदार म्हणाला, “उद्या बघू.” मी म्हटलं, आजच. आत जाऊन पाठीशी उशी लावली.

“बाबा, श्वास धरायचा. फक्त आठ सेकंद.”

“तू मला शिकवणार?”

“हो. आणि हललात तर पुन्हा पहिल्यापासून.”

तलावावरचं त्यांचंच वाक्य त्यांच्यावर उलटवलं बघ. खुदकन हसले, आणि धरला! काचेआड माझाच जीव टांगणीला.

स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. “पाणी मोकळं नाहीच. कप्पे झालेत, भिंती जाड झाल्यात. बहुतेक पू आहे. सुई भलत्याच ठिकाणी जात होती.”

“आणि गाठ?”

त्यांनी सगळी चित्रं दोनदा वरखाली केली. “कुठेही दिसत नाही.”

मी बाहेर जाऊन मनसोक्त रडले. त्याच संध्याकाळी सीटीत बघत बघत नेमक्या कप्प्यात नळी बसवली. बाटली भरली, ताप उतरला, तपासणीत जंतूच निघाले. काल बाबा एका दमात दोन जिने चढले आणि वरून ओरडले, “वेळ किती लागला?”

आता खरी गोष्ट. रोज बाबा विचारायचे, “थोरल्याला कळवलंस?” मी म्हणायचे, “कळवलंय, कामात अडकलाय.” आणि तू फोन केलास की तुला सांगायचे, “आम्ही मजेत.” दादा, तू पोहण्याच्या स्पर्धा सोडल्यास तेव्हा ते जे बोलले, ते मीही दाराआडून ऐकलंय. कळवलं असतं आणि तू यायला नाही म्हणाला असतास, तर ते त्यांना सांगायची माझ्यात हिंमत नव्हती. म्हणून दोघांनाही फसवलं.

आज सकाळी बाबांना सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता माझी धडगत नाही. बाबांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, “म्हणजे त्याला ठाऊकच नव्हतं?” चेहरा असा खुलला, की काय सांगू!

मग म्हणाले, “लिही त्याला. पण मी ठणठणीत झालोय हे आधी लिही. दया येऊन यायचं नाही म्हणावं. यायचं असेल तर भांडायला ये. दम आहे आता माझ्यात.”

दोघांचीही गुन्हेगार, आणि तरी आज हवेत असलेली,
तुझी धाकटी