तेल कुठून येतंय

४ जून

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

वर्षभराने पत्र लिहिते आहे आणि तेही कामापुरतं, तेव्हा आधी मनसोक्त रागावून घ्या. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि दादा मध्ये बसून सगळं उलटंच सांगतो, म्हणून कागद काढला.

तुम्ही दिलेल्या मोटरसायकलचं तेल गळतंय. क्लचच्या झाकणाचं गॅस्केट दोनदा बदललं, तरी गळतंच. गंमत म्हणजे कोपऱ्यापर्यंत जाऊन आलं तर थेंब नाही, पण घरोघरी जाऊन ड्रेसिंग करायची माझी लांबची फेरी झाली की इंजिन खालून ओलंचिंब. पेशंटच्या दारात डाग पडतात, लोक तोंड वाकडं करतात. तुमच्या जावयांनी महिनाअखेरची मुदत दिली आहे. नंतर गाडी भंगारात. मला ती द्यायचीच नाही हो. तुम्ही चाळीस वर्षं गॅरेज चालवलंत, काहीतरी सुचवा.

उत्तर लवकर धाडावं.
तुमची ठकी

९ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. सूनबाईने विचारलं, एवढं काय आलंय, तर मी ऐटीत सांगितलं की इंजिनाची केस आली आहे.

आता नीट ऐक. आंधळेपणाने गॅस्केट बदलत बसू नकोस. इंजिन रॉकेलने धू, पुसून कोरडं कर आणि वर अंगाला लावायची पावडर भुरभुर. मग फेरी मारून ये आणि पावडर आधी कुठे ओली होते ते बघ. काय दिसलं ते सविस्तर लिही, चार ओळींत उरकू नकोस. झाकणाचं चित्रही काढून पाठव.

इकडे सगळं ठीक. पत्राची वाट बघतो.
बाबा

१५ जून

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पावडरचा डबा संपला. झाकण, त्याखालचा जोड आणि गियरच्या दांड्याजवळचं सील, तिन्ही ठिकाणी ओलं! कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने सरळ हात जोडले आणि विकून टाका म्हणाला. चित्र सोबत आहे, हसू नका. मुदतीचे पंधरा दिवस राहिलेत.

माया आहेच, उत्तरही असू द्या.
तुमची ठकी

२० जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

ते झाकण आहे की बटाटा, हे कळायला मला चष्मा बदलावा लागला. असो. तिन्ही एकदम उघडू नकोस. आधी झाकण काढ, काचेवर उपडं ठेवून कुठे डुगडुगतं का बघ. परत बसवताना समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळ. मग आठवडाभर चालव आणि लिही, पुढचं नंतर सांगतो. घाई करू नकोस.

तुझ्या अक्षरावर जीव असलेला,
बाबा

२५ जून

ती. बाबांना,
शि. सा. न.

अक्षर डाव्या हाताचं आहे. तेल मागच्या टायरवर गेलं, वळणावर गाडी घसरली. उजव्या मनगटाला प्लास्टर आहे, बाकी खरचटलंय फक्त. भंगारवाला रविवारी गाडी न्यायला येतोय. तुम्ही सांगितलेलं सगळं मी केलं होतं. तुमचा काही दोष नाही.

ठकी

२८ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र कुरिअरने पाठवतोय, रविवारच्या आत मिळावं म्हणून.

तुझं शेवटचं वाक्य वाचलं आणि ताटावरून उठून लिहायला बसलो. दोष माझाच आहे. इंजिनातून बॅटरीमागे एक रबरी नळी येते. इंजिन तापलं की आतली हवा तिच्यातून बाहेर पडते. त्या नळीतून नव्या फरशीवर थेंब पडायचे आणि तुझी आई घर डोक्यावर घ्यायची, म्हणून मी नळीला लाकडी बूच मारलं. तेव्हा मी भाजीपुरताच जायचो, त्यामुळे निभावलं. तू लांब जातेस. हवेला वाट नाही, मग ती मिळेल त्या जोडातून तेल बाहेर ढकलते. बूच काढ, एवढंच काम आहे.

हे मला तुझ्या पहिल्याच पत्रात कळलं होतं. पण तेव्हाच सांगितलं असतं, तर दुसरं पत्र आलं नसतं. आठवड्याला पत्र येतंय, कुणीतरी मला कामाचं विचारतंय, याची चटक लागली गं. तू पडशील हे डोक्यातच आलं नाही. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या नीट करून दिल्या आणि पोटच्या पोरीला पाडलं. माफ कर म्हणायलाही तोंड नाही.

बाबा

५ जुलै

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी चुरगाळलं. मग तुमच्या जावयांनी बूच काढलं, दांड्याजवळचं सील तेवढं नवं घातलं आणि तीस किलोमीटर फिरवून आणली. पावडर कोरडी! भंगारवाल्याला दारातूनच परत पाठवलं.

बाबा, मला भयंकर राग आलाय. पत्र लिहीत जा, एवढं सरळ लिहिता आलं नाही तुम्हाला? मग माझी पत्रं आठवली. सगळ्यांत गाडीची तब्येत लिहिली आणि तुमची एकदाही विचारली नाही. त्याची लाज वाटतेच, पण म्हणून राग कमी झालेला नाही.

तो डाव्या हाताने लिहून कागदावर मावत नाही. प्लास्टर वीस तारखेला निघतंय. एकवीसला तुमचे जावई मला मागे बसवून याच गाडीवरून तिकडे सोडतील. समोरासमोर बसून भांडायचं आहे. दोन दिवसांत आटपेल असं वाटत नाही, म्हणून आठ दिवसांची रजा टाकली आहे.

रागासकट तुमचीच,
ठकी